बासुरेरो आणि मांगांगालाकाल

फिलिपिन्समध्ये कचरा गोळा करणाऱ्या माणसाला ‘बासुरेरो’ म्हणतात. १५६५ पासून १८९८ पर्यंत त्या बेटांवर स्पेनची सत्ता होती, आणि तागालोग, सेबुआनो यांसारख्या तिथल्या भाषांत स्पॅनिशमधून जे असंख्य शब्द आले, त्यांपैकी हा एक. ‘बासुरा’ म्हणजे कचरा आणि ‘एरो’ हा तो धंदा करणाऱ्याचा प्रत्यय. स्पॅनिशमध्ये बासुरेरो हा शब्द कचऱ्याच्या जागेलाही चालतो. तागालोगने मात्र त्यातला माणूस ठेवला आणि कचरापेटीसाठी स्वतःचा स्थानवाचक प्रत्यय जोडून ‘बासुराहान’ हा शब्द घडवला. उलट, कोंबड्यांच्या झुंजीचा ‘साबोंग’ हा शब्द तिथलाच, पण त्या झुंजींचा शौकीन झाला ‘साबुंगेरो’. आपण ‘पाणी’ला फारसी ‘दार’ लावून ‘पाणीदार’ म्हणतो, तसेच हे. म्हणून अशा शब्दांना उसने म्हणून हिणवणे मला मान्य नाही.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. ‘बासुरा’चे मूळ ज्या लॅटिन क्रियापदात आहे, त्याचा अर्थ झाडणे असा होतो. मुळात श्रम सांगणारा शब्द झाडून निघालेल्या घाणीचे नाव झाला आणि पुढे त्या घाणीवरूनच माणसाची ओळख ठरली. आपला ‘कचरेवाला’ही याच वाटेने गेला आहे.

तागालोगमध्ये कचऱ्यातून विकण्याजोग्या वस्तू वेचणाऱ्यांसाठी दुसरा शब्द आहे: ‘मांगांगालाकाल’. ‘कालाकाल’ म्हणजे व्यापाराचा माल, त्यामुळे या शब्दाचा सरळ अर्थ व्यापारी असाच होतो. बाटली, पत्रा, पुठ्ठा आणि तांब्याची तार यांत बाकीच्यांना कचरा दिसत असताना, ज्यांचे पोट त्यावर चालते त्यांना त्यात माल दिसतो, आणि त्यांची ही नजर भाषेने जपून ठेवली आहे. मराठीत ‘कचरावेचक’ म्हणताना आपणही नकळत असाच मान देतो, कारण वेचणे हे क्रियापद आपण प्राजक्ताच्या फुलांसाठी आणि शेतातल्या कापसासाठी वापरत आलो आहोत.

हा मान शब्दापुरताच राहतो, याचे मला फार वाईट वाटते. १० जुलै २००० रोजी केसोन सिटीतल्या पायातास येथे मुसळधार पावसाने कचऱ्याचा डोंगर खचला आणि त्याच्या पायथ्याच्या झोपड्यांवर कोसळला. २००हून अधिक माणसे गेली, आणि त्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल त्याच डोंगरावर वेचलेल्या मालावर पेटत होती. घनकचऱ्याच्या व्यवस्थापनाचा राष्ट्रीय कायदा त्यानंतर, २००१च्या जानेवारीत, मंजूर झाला.