‘चमकणारा कॅन्सर’ आणि काकूंची पुढे गेलेली तारीख

गेल्या आठवड्यात लालबागच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘एक इंजेक्शन दिलं की कॅन्सरची प्रत्येक पेशी हिरवी चमकते. डॉक्टर कॅमेऱ्यात बघून सगळी काढतात. मग तपासणी, केमो, रेडिएशन काही लागत नाही. कॅमेरा नसेल तिथे ऑपरेशन करूच नका.’ तो वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्तनाच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख पुढे ढकलली. मी इतकी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं आहे, गप्प बसवत नाही.

‘कॅन्सरची पेशी हिरवी चमकते’: हिरवं म्हणतात ते बहुतेक वेळा इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी. अमेरिकेत १९५९ पासून मान्यता असलेलं जुनं औषध. ते कॅन्सर ओळखत नाही. शिरेतून दिलं तर रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतं आणि यकृतातून पित्तात उतरतं. काकूंसारख्या ऑपरेशनात ते स्तनात टोचतात, ते काखेतल्या पहिल्या लसिका गाठींची वाट सापडावी म्हणून; स्तनातला कॅन्सर पसरला तर बहुधा आधी या गाठींत पोचतो. त्या गाठीपर्यंत कॅन्सर पोचलाय का, हे चमकेवरून कळत नाही. गाठ काढून आमच्या टेबलावर येते, काप घेतले जातात, मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर उत्तर मिळतं. म्हणजे तपासणी टळत नाही, उलट तिथूनच सुरू होते.

‘बघून सगळी काढतात’: कॅन्सरकडेच जाणारी औषधंही आहेत, हे खरं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पॅफोलासायनिनला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत चारांतल्या एकीपेक्षा जास्त बायकांमध्ये नुसत्या नजरेला आणि हाताला न कळलेली निदान एक तरी जागा सापडली. मोठी गोष्ट आहे ही, मी ती कमी लेखणार नाही. पण त्याच चाचणीत चमकलेल्या काही जागांमध्ये कॅन्सर निघालाच नाही. शिवाय हा प्रकाश शरीरात फार तर सेंटीमीटरभर खोलवरून दिसतो. त्याखाली काय आहे, कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून काढलेल्या भागाच्या कडांना आजही शाई लावतात आणि त्या कडेपर्यंत कॅन्सर आहे का ते तपासतात.

‘केमो, रेडिएशन नको’: यावर सगळ्यात स्पष्ट उत्तर मेंदूच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांतून मिळतं. तिथे ५-एएलए नावाचं औषध पाजतात आणि निळ्या प्रकाशात गाठ लालसर दिसते. जर्मनीतल्या २००६ च्या चाचणीत या प्रकाशाखाली ६५ टक्के रुग्णांची स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या प्रकाशात ३६ टक्के. सहा महिन्यांनी आजार न वाढलेले रुग्ण मात्र ४१ टक्के आणि २१ टक्के. फायदा झाला, तरी अर्ध्याहून अधिकांचा आजार सहा महिन्यांतच पुढे गेला. आणि या रुग्णांना ऑपरेशननंतर रेडिएशनही ठरलेलं होतंच. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठीच ते असतं.

‘कॅमेरा नसेल तिथे करूच नका’: हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. काखेतली पहिली गाठ निळ्या रंगाने किंवा किरणोत्सारी द्रव्यानेही शोधतात, वर्षानुवर्षं शोधत आले आहेत. काकूंच्या ऑपरेशनाचं या कॅमेऱ्यावाचून काहीच अडत नव्हतं.

उद्या सकाळी नवी तारीख घ्यायला मी त्यांच्याबरोबर परळला जातेय. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी आज रात्रीच सगळ्या ग्रुपवरून काढून टाकावा, ही हात जोडून विनंती.