फुकट इंटरनेट आणि आळशीपणाचा आरोप

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात आलेला एक संदेश माझ्या आत्याने घरकामाला येणाऱ्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. अमेरिकेने गरिबांना इंटरनेटसाठी दरमहा पैसे वाटले, लोकांनी कामे सोडली, उद्योग एकानेही काढला नाही आणि अखेर योजना गुंडाळावी लागली, असे त्यात म्हटले आहे.

पैसे वाटलेच नव्हते. ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या अमेरिकी सरकारच्या योजनेत बहुतेक कुटुंबांना इंटरनेटच्या बिलातून दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट मिळे आणि ती रक्कम थेट कंपनीला जाई. २०२४ मध्ये योजना थांबली ती निधी संपला आणि संसदेने नवा मंजूर केला नाही म्हणून. तोवर सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे तिचा लाभ घेत होती.

लोकांनी कामे सोडली, हा आरोप मात्र खोटा तर आहेच, शिवाय कष्टकऱ्यांचा अपमान करणारा आहे. कॉमकास्ट कंपनी २०११ पासून अल्प उत्पन्न कुटुंबांना दरमहा ९.९५ डॉलरमध्ये इंटरनेट देऊ लागली. ही सवलत सरकारी तिजोरीतून नव्हती, पण प्रश्न तोच आहे. अर्थतज्ज्ञ जॉर्ज झुओ यांनी तिचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष संदेशाच्या नेमका उलट आहे: जिथे सवलत उपलब्ध झाली, तिथल्या पात्र लोकांमध्ये रोजगार आणि कमाई दोन्ही वाढली, आणि पूर्वी कामाच्या शोधातही नसलेले लोक कामाकडे वळले. यात नवल काहीच नाही. तिथे गोदामातल्या साध्या नोकरीचा अर्जसुद्धा बहुधा ऑनलाइनच भरावा लागतो, मुलाखतीचे बोलावणे ईमेलवर येते, आणि महिनाअखेरीस फोनमधला डेटा संपलेला असेल तर ते वेळेवर दिसतही नाही.

उद्योगाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ‘एकानेही नाही’ याला संदेशात कसलाच आधार नाही. पण झुओ यांचा मुख्य निष्कर्ष रोजगाराबद्दल आहे, त्यामुळे स्वस्त इंटरनेटने घरोघरी उद्योजक तयार होतात, असे सांगणारे उत्साही लोकही त्याचा दाखला देऊ शकत नाहीत. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला तिथे सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठी मालकाचा वाटाही स्वतःच भरावा लागतो, म्हणजे एकूण १५.३ टक्के कर, आणि नोकरीबरोबर मिळणारा आरोग्य विमा सुटतो तो वेगळाच. बिलातल्या ३० डॉलरच्या सवलतीने या दोन्हींपैकी एकही अडचण दूर होत नाही.