जाड फरच्या कुत्र्या-मांजरांना पिसवांचं औषध वरच्यावर कसं लावावं

सगळ्यात आधी अभिनंदन. ठाण्याच्या दमट हवेत, वन बीएचकेमध्ये तुम्ही हस्की आणलात, ज्याला देवाने बर्फात राहण्यासाठी केसांचे दोन-दोन थर दिलेत, आणि आता त्याला पिसवा झाल्या म्हणून तुम्हालाच आश्चर्य वाटतंय. अहो, त्यांनाही घर लागतं. पंचवीस-तीस डिग्री, भरपूर ओलावा, आत गच्च काळोख आणि जेवण जागेवर, असं घर तुम्हाला तरी मिळालंय का ह्या शहरात?

आधी खात्री करून घेऊ नका. उवांची बारीक फणी कंबरेपाशी, शेपटीच्या मुळापाशी फिरवायची, जे काळे कण निघतील ते ओल्या टिश्यूवर ठेवायचे, त्यातून तांबूस रंग सुटला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्याच कुत्र्याचं पचलेलं रक्त, एवढी सोपी टेस्ट आहे. पण तुम्ही म्हणा, धूळ असेल, मेट्रोचं काम चालू आहे ना बाहेर.

तरी हट्टच असेल तर औषध लावायला घ्या. व्हेटकडून ती छोटीशी पिपेट, म्हणजे औषधाची नळी, आणली असेलच. तिचं टोक मोडायचं आणि मानेपासून शेपटीपर्यंत, वाढदिवसाच्या केकवर क्रीम सोडतात तशी केसांच्या वरून एक लांबलचक रेघ ओढायची. झालं. मानेमागे, दोन खांद्यांच्या मधे केसांचा नीट भांग पाडायचा, वरचे केस झाले की आतली लोकर बाजूला सारायची, गुलाबी कातडी दिसेपर्यंत थांबायचं, मग टोक कातडीला टेकवून दाबायचं, असले उद्योग रिकामटेकड्या लोकांनी करावेत. फिप्रोनिल, म्हणजे अशा पिपेटमधलं पिसवा मारणारं औषध, कातडीवरच्या तेलात मिसळून एक-दोन दिवसांत अंगभर पसरतं, केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथींमध्ये साठतं आणि तिथून महिनाभर हळूहळू झिरपत राहतं, हे सगळं खरं आहे, पण त्यासाठी आधी ते कातडीपर्यंत पोचायला लागतं, आणि तुमच्या रेघेतलं औषध वरच्या केसांवरच चिकट होऊन बसणार, रात्री तिथून तुमच्या उशीच्या अभ्र्यावर. पिसवा खाली निवांत.

मांजर असेल तर मुद्दाम पाठीच्या मधोमध लावा, जिथे तिची जीभ बरोब्बर पोचते. थोड्या वेळाने ती तोंडाला फेस आणून लाळ गाळत कपाटाखाली बसेल, तो व्हिडिओ काढायला विसरू नका.

आंघोळीचंही टायमिंग महत्त्वाचं. औषधाच्या दिवशीच सकाळी सुगंधी शॅम्पूने दोनदा घासून काढा म्हणजे ज्या तेलात औषध पसरायचं ते तेलच उरणार नाही, मग आतली लोकर ओली असतानाच औषध लावा आणि संध्याकाळी पावसात फिरवून आणा. आधी-नंतर दोन-दोन दिवस अंग कोरडं ठेवा असं पाकिटावर असतं. पाकीट वाचतं कोण.

वजनाचंही तेच. दहा किलोपर्यंत एक डोस, वीसपर्यंत दुसरा, चाळीसपर्यंत तिसरा, ही सगळी कंपन्यांची कमाई, असं म्हणा आणि इवल्याशा शिह त्झू कुत्र्याची पिपेट हस्कीला लावा, फर बघून अंदाज घ्या, काय फरक पडतो. आणि घरात पर्शियन मांजर असेल तर मोठ्या कुत्र्याची पिपेट आणून त्यातलं चार थेंब तिलाही, तेवढीच बचत. ह्यात जर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजरीच्या लिव्हरला ते फोडता येत नाही, अंग थरथरतं, फिट्स येतात, जीवही जातो. मग रात्री दीड वाजता तिला टॉवेलात गुंडाळून उघडा दवाखाना शोधत फिरणं, आणि तिथे डॉक्टरांनी विचारलं की काय लावलं होतं, तर सांगायचं, काही नाही हो, साधंच.

घरगुती उपायांशिवाय तर आपलं पान हलत नाही. मावशी सांगतील खोबरेल तेलात कापूर, काका सांगतील डांबराच्या गोळ्या कुस्करून, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी लसूण खायला घाला म्हणेल (लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, पण आयुर्वेदिक वाटतं ना), आणि गावाहून कोणीतरी गोठ्यात गोचिडांसाठी फवारतात ती बाटली पाठवेल, पाण्यात किती मिसळायची ते विचारू नका. हे सगळं जमलं नाही तर सरळ मशीन मारून टक्कल करा, उन्हात कातडी भाजली तर भाजली.

घराकडे मात्र अजिबात बघायचं नाही. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती केसांना चिकटून राहत नाहीत, घरंगळून सोफ्याच्या फटीत, गादीखाली, पायपुसण्यात जातात. तिथे अळ्या होतात, कोष होतात. तुम्ही औषध कुत्र्याला लावताय आणि बहुतेक बिऱ्हाड सोफ्यात. पण आपल्याकडे ही जुनी परंपरा आहे, पुण्यात १८९७ साली प्लेग आला तेव्हा सरकारने घरं उपसली, सामान जाळलं, माणसं कॅम्पात नेली, पिसूवर कोणाचा संशयच नव्हता, आणि पुढच्या वर्षी कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरची पिसूच रोग पसरवते हे प्रयोगाने दाखवलं तरी बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. तुम्ही तर फक्त व्हॅक्यूम मारायचा कंटाळा करताय, आणि चादरी गरम पाण्यात टाकायचा.

गणपतीत गावी जाताना घर बंद करून जा. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते, दाराचा धक्का, पावलांची थरथर, श्वासाची ऊब लागली की बाहेर येते, त्यामुळे परत येऊन बॅगा ठेवताय तोच घोट्यांपाशी चावे सुरू.

अशा वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कडक मेसेज टाका, की गेटवरच्या भटक्या काळ्यामुळे बिल्डिंगमध्ये पिसवा आल्यात, त्याला हाकला. बी विंगमधल्या ताई दर महिन्याला त्याच्या मानेवर औषध लावतात, आणि त्याचे केस इतके आखूड की थेंब सरळ कातडीवरच पडतो, पण हे ग्रुपवर लिहायची गरज नाही.