कांद्याविषयी असहिष्णुता

परवा भाच्याच्या मुंजीत मी मीठ-लिंबू लावून कोरा भात खाल्ला, आणि अजून तो भात माझ्या डोक्यातून जात नाहीये.

पोटाचं दुखणं जुनं. डॉक्टर तीन झाले, तिघांचंही औषध एकच, "टेन्शन घेऊ नका". शेवटी डायटिशियनने लो-फॉडमॅप डाएट लावला, म्हणजे आतड्यात नीट न शोषता आंबून गॅस करणाऱ्या काही साखरा टाळायच्या. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतल्या लोकांचं हे काम. कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा-छोले सगळं २ ते ६ आठवडे बंद, आणि मग एकेकाला परत बोलवून बघायचं की गुन्हेगार कोण. आंबाही बंद. मे महिन्यात! मेलबर्नला मे महिन्यात थंडी सुरू होते, त्यांना काय त्याचं.

पहिला आठवडा तर मी कांद्याऐवजी सगळ्यात हिंग ढकलत होते आणि तरी पोट नगारा. मग एकदा भिंग घेऊन डबी वाचली तर हिंगात गव्हाचं पीठ. म्हणजे दाराला कुलूप लावून चोराला खिडकीतून आत घेतला. लसणाचं वेगळंच, त्याचं जे बाधक असतं ते पाण्यात उतरतं, तेलात नाही, म्हणून लसूण तेलात तळायची, वास घ्यायचा आणि काढून टाकायची. ती तळलेली लसूण नवरा माझ्यासमोर उभा राहून कुरुमकुरुम खातो. असो.

तर पंगतीत माझ्या शेजारी वहिनीच्या माहेरकडच्या एक काकू. मराठीच्या रिटायर्ड शिक्षिका. मी मसालेभात नको म्हटलं, पुरी नको, आमरसावर तर हातच आडवा धरला.

"उपास आहे का गं?"

"नाही हो काकू, डाएट आहे."

काकूंनी माझ्या कमरेकडे बघितलं. "हं. बरं केलंस."

"बारीक व्हायला नाही हो. इनटॉलरन्स आहे मला."

"म्हणजे अ‍ॅलर्जी."

"अ‍ॅलर्जी नाही. अ‍ॅलर्जीत अंगावर उठतं, श्वास अडकतो. हे नुसतं पचत नाही, पोट फुगतं, दुखतं."

काकू दोन मिनिटं चावत विचार करत होत्या. मग एकदम चेहरा उजळला. "इनटॉलरन्स म्हणजे असहिष्णुता!" आणि मला काही कळायच्या आत समोरच्या रांगेला, शाळेतल्याच आवाजात, "अहो, हिला असहिष्णुता आहे!"

समोरच्या काकांचा हात पुरीवरच थांबला. "कोणाविषयी?"

"कांद्याविषयी."

"किलोला साठच्या वर गेला की मलाही होते," काका म्हणाले, आणि अख्खी रांग हसली. मीही हसले. काय करणार, मुंज घरची.

काकूंचं समाधान एवढ्यावर होईना. वाढप्याला हाक मारून, "अरे, ह्यांना जैन आण." मी नको नको म्हणेपर्यंत तो पोरगा आला आणि माझ्या पानातली बटाट्याची भाजी उचलायला लागला. ही भाजी बिनकांद्याची आहे हे मी सकाळी आत जाऊन आचाऱ्याला दोनदा विचारून आले होते, अख्ख्या पानात तेवढी एकच गोष्ट माझी होती. "ताई, जैनमध्ये बटाटा नसतो," असं मलाच समजावून त्याने तिथे डावभर छोले वाढले. बिनकांद्याचे, बिनलसणाचे छोले! कांदा गेला पण चणा तर तिथेच ना. माझ्या यादीत तो पण लाल दिव्यावरच.

आता म्हणाल यात चिडण्यासारखं काय. पण चार आठवडे हेच चाललंय हो. भूक सहन होते, दर जेवणाला उभं राहून साक्ष देणं सहन होत नाही. आणि वर "इतकं काय मनावर घेतेस" ऐकायचं. ज्यांनी म्हटलं त्यातल्या एकाने तरी रात्री दोन वाजता पोट धरून बाथरूमच्या फरशीवर बसून बघावं.

तेवढ्यात मठ्ठा आला. वाढप्याने काकूंच्या वाटीवर पळी धरली.

"नको रे बाबा, मला ताक बाधतं."

"बरं," म्हणून तो पुढे गेला. पंगतीत कोणी मान वर करून बघितलं नाही. समोरचे काका तर दुसरा मठ्ठा मागत होते.