अमेरिकेत म्हणे लाच कायदेशीर आहे

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर नव्याने उगवतो. त्याचा सारांश असा: “अमेरिकेत लाच कायदेशीर आहे, फक्त तिथे तिला लॉबिंग म्हणतात. कंपन्या दरवर्षी चार अब्ज डॉलर खासदारांना वाटतात. ज्याची थैली मोठी त्याचा कायदा. बंदूकवाल्यांनी तर अख्खी संसद विकत घेतलीय. सामान्य माणसाला तिथे कुत्रंही विचारत नाही. आणि आपण त्यांच्या लोकशाहीचे गोडवे गातो.”

गोडवे कोणाचे गायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बाकीची विधानं मात्र तपासायला हवीत. त्यातल्या चुकांमुळे तिथे खरोखर जे गंभीर आहे, ते झाकलं जातं.

लॉबिंग म्हणजे कायदे आणि धोरणं आपल्याला हवी तशी व्हावीत म्हणून खासदार आणि सरकारी खात्यांपुढे बाजू मांडणं, आणि पगार किंवा फी घेऊन हे काम करणारा तो लॉबिस्ट. आधी पैसा. चार अब्जांचा आकडा साधारण बरोबर आहे, पण तो पोचतो कुठे हे चुकलंय. अलीकडच्या वर्षांत लॉबिंगवरचा नोंदलेला खर्च वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. हे पैसे लॉबिंग फर्मची फी, कंपनीच्या स्वतःच्या लॉबिस्टांचे पगार, वॉशिंग्टनमधल्या कचेऱ्यांची भाडी यांत जातात. निवडणुकीच्या देणग्या या आकड्यात धरलेल्याच नसतात, त्यांचा हिशोब वेगळा. १९९५ च्या कायद्यानुसार हा खर्च जाहीर करावा लागतो आणि २००८ पासून दर तिमाहीला.

ही गफलत आपल्या संसदेनेही केलेली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये, किरकोळ व्यापारात थेट परकीय गुंतवणुकीवरचं मतदान नुकतंच उरकलं होतं, आणि बातमी आली की वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले, त्यात ‘भारतातील बाजारप्रवेश’ हाही विषय होता. ‘१२५ कोटी रुपये कोणाला दिले?’ म्हणून दोन्ही सभागृहांत गदारोळ झाला. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली. पण तो आकडा कोणा शोधपत्रकाराने खणून काढलेला नव्हता. कंपनीने स्वतः अमेरिकी सिनेटकडे भरलेल्या अहवालांत तो होता. खर्च अमेरिकी खासदार आणि खात्यांपुढे बाजू मांडण्याचा होता, अनेक विषयांवरचा, आणि भारत त्यातला एक.

गंमत पुढे आहे. लाच खरंच दिली गेली होती, पण त्या कागदांत नव्हती. परदेशात लाच देण्याला बंदी करणारा अमेरिकेचा १९७७ चा वेगळा कायदा आहे. त्याखालची चौकशी वॉलमार्टने २०१९ मध्ये चार देशांच्या प्रकरणांत मिळून सुमारे २८.२ कोटी डॉलर भरून मिटवली, आणि २००९ ते २०११ या काळात भारतात दुकानांचे परवाने मिळवण्यासाठी मध्यस्थांनी सरकारी अधिकाऱ्यांना पैसे चारल्याचं मान्य केलं. आपण आरडाओरडा केला तो जाहीर खर्चावर. परवान्याच्या खिडकीवर काय चाललं होतं तिकडे फारसं कोणी बघितलं नाही.

लाच कायदेशीर आहे, हे विधान तर सरळ खोटं आहे. कॅलिफोर्नियाचे खासदार रँडी ‘ड्यूक’ कनिंगहॅम यांनी कंत्राटाच्या रकमेनुसार लाचेचं दरपत्रक संसदेच्या कागदावर लिहून दिलं होतं. २००६ मध्ये त्यांना आठ वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरी रोख रक्कम आणि सोन्याच्या विटा सापडल्या. जानेवारी २०२५ मध्ये अकरा वर्षं. भेटवस्तूंचे नियम तर इतके किचकट की लॉबिस्टच्या पैशाने टेबलावर बसून जेवता येत नाही, पण उभ्याउभ्या समारंभात काडीला टोचलेलं काहीबाही खाता येतं.

हसू येतं खरं, पण पळवाटही तिथेच आहे. त्याच लॉबिस्टने त्याच खासदाराच्या निवडणूक निधीसाठी न्याहारीचा कार्यक्रम ठेवला आणि पाहुण्यांनी चेक दिले, तर ते चालतं. कंपनीला थेट उमेदवाराला पैसे द्यायला १९०७ पासून बंदी आहे. कर्मचारी आणि सभासदांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या ‘पॅक’ समित्यांनाही एका उमेदवाराला एका निवडणुकीत पाच हजार डॉलरची मर्यादा आहे. मात्र २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर उमेदवारापासून ‘स्वतंत्र’ राहून प्रचारावर वाटेल तेवढा खर्च करणारे सुपर पॅक उभे राहिले. या बाबतीत फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा संताप रास्त आहे. फक्त तो निवडणुकीच्या पैशाबद्दलचा आहे, लॉबिंगबद्दलचा नाही.

आता थैलीचा मुद्दा. हाच मला सगळ्यांत दिशाभूल करणारा वाटतो.

साखर लॉबी काय असते हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. अमेरिकेतही ती आहे, आणि तिचा एक मोठा खांब चक्क सहकारी आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात बीटची साखर होते. तिथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये बीट उत्पादक शेतकऱ्यांनीच विकत घेऊन सहकारी केली. सरकारी साखर धोरण असं आहे: आयातीवर कोटा, देशांतर्गत विक्रीवर मर्यादा आणि साखरेवर मालतारण कर्ज. भाव पडले तर कर्ज फेडण्याऐवजी साखरच सरकारच्या स्वाधीन करायची मुभा. परिणामी अमेरिकेतला साखरेचा भाव बहुतेक काळ जागतिक भावापेक्षा चढा राहतो.

या धोरणाच्या विरोधात कोण आहे? चॉकलेट, गोळ्या, बिस्किटं बनवणाऱ्या कंपन्या. थैल्याच मोजायच्या तर बीटवाले त्यांच्यापुढे किस झाड की पत्ती. तरीही २०१३ मध्ये हे धोरण सैल करण्याची दुरुस्ती दोन्ही सभागृहांत पडली. कारण काही हजार शेतकऱ्यांचं अख्खं घर त्या भावावर चालतं. ते दोन्ही पक्षांच्या खासदारांना देणग्या देतात, भेटतात, कोणी कसं मतदान केलं ते लक्षात ठेवतात. गिऱ्हाईकाचं नुकसान माणशी वर्षाला काही डॉलर. त्यासाठी कोण वॉशिंग्टन गाठणार? मिठाईवाल्या कंपन्यांसाठीही साखर हा अनेक खर्चांपैकी एक, शेतकऱ्यासाठी तोच एक. ज्या विषयावर बाकी कोणाचं लक्ष नसतं, तिथे चिकाटीचा छोटा गट जिंकतो.

त्यात खासदाराच्या कचेरीची अवस्था बघा. प्रतिनिधीगृहाच्या सदस्यामागे साडेसात लाखांच्या वर लोकसंख्या, आणि कायम कर्मचारी ठेवायचे जास्तीत जास्त अठरा. बरेचसे तरुण, कमी पगारावरचे. बीटच्या मालतारणापासून उपग्रहांपर्यंत सगळं त्यांनाच बघायचं. मसुदा, आकडेवारी, विरोधकांच्या मुद्द्यांना उत्तरं असं सगळं तयार घेऊन येणारा लॉबिस्ट त्यांना नकोसा वाटेल का? खासदार विकत घ्यायची गरजच पडत नाही. बहुतेकदा लॉबिस्ट आधीपासून आपल्या बाजूच्याच खासदाराकडे जातो आणि त्याचं काम हलकं करून देतो. लाचेपेक्षा हे जास्त पक्कं असतं, आणि यात पकडायला काही नसतं.

औषध कंपन्यांची गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगता येते. २००३ मध्ये वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात औषधं आली, पण सरकारने कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायची नाही, या अटीवर. ज्या समितीतून ते विधेयक गेलं तिचे अध्यक्ष बिली टॉझिन २००५ मध्ये संसद सोडून थेट औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. हे सगळं कायदेशीर होतं, आणि मला ते कनिंगहॅमच्या दरपत्रकाहून जास्त झोंबतं. तरीही २०२२ मध्ये, त्याच संघटनेने सगळा जोर लावूनही, काही औषधांच्या किमतींवर बोलणी करण्याचा अधिकार मेडिकेअरला मिळालाच. विषय मतदारांच्या तोंडी आला की थैली कमी पडू शकते.

बंदुकांचं बघू. एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) ही बंदूकधारकांची १८७१ मधली संघटना उमेदवारांना थेट देते ती रक्कम किरकोळ असते. मोठा खर्च स्वतंत्र प्रचारावर होतो. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्यासाठी तिने तीन कोटी डॉलरहून अधिक ओतले. पण खासदार घाबरतात ते एनआरएच्या श्रेण्यांना. प्रत्येक उमेदवाराला ‘ए’ ते ‘एफ’, आणि त्या बघून मत देणारे लाखो सभासद. सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर २०१३ मध्ये खरेदीदाराच्या पार्श्वभूमी तपासणीचं विधेयक सिनेटमध्ये ५४ मतं मिळूनही अडकलं, कारण ६० लागत होती. पुढे एनआरए घोटाळ्यांत सापडली, २०२१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही न्यायालयाने फेटाळला. २०२२ मध्ये तिच्या विरोधाला न जुमानता बंदुकांविषयीचा एक मर्यादित कायदा झाला. पण त्यापलीकडे गाडी फारशी सरकलेली नाही. संसद पैशाने विकत घेतली असती, तर खरेदीदार खंगल्यावर ती मोकळी व्हायला हवी होती. मतदार तिथेच आहेत, ही खरी अडचण आहे.

राहिला सामान्य माणूस. त्याला कोणी विचारत नाही, असं नाही. एकटा असला तर विचारत नाहीत. मार्च १९९० मध्ये अपंग आंदोलक व्हीलचेअर बाजूला ठेवून कॅपिटॉल या संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले, जुलैत त्यांचा हक्कांचा कायदा झाला. २००६ मध्ये भारत-अमेरिका अणुकराराला वाट करून देणारा कायदा मंजूर होताना मोठ्या कंपन्यांच्या जोडीने अमेरिकेतले भारतीय डॉक्टर आणि मोटेलमालकही आपापल्या खासदारांचे उंबरे झिजवत होते.

पण संघटित सामान्य माणूस नेहमी न्यायाच्या बाजूलाच असतो, असंही समजू नका. १९८८ मध्ये मेडिकेअरमधून मोठ्या आजारपणाचा आणि औषधांचा खर्च देणारा कायदा झाला. एएआरपी या ज्येष्ठांच्या बलाढ्य संघटनेचा त्याला पाठिंबा होता. खर्चाचा मोठा भार मात्र बऱ्या परिस्थितीतल्या वृद्धांवर जादा कराच्या रूपाने पडणार होता. ते खवळले, आपल्याच संघटनेलाही जुमानेनात. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत त्यांनी अर्थसमितीचे अध्यक्ष डॅन रॉस्टेनकाउस्की यांची गाडी अडवली. बाई-बुवांचा घोळका ओरडत मागे लागला आणि साहेबांना पळ काढावा लागला. त्याच वर्षी संसदेने कायदा जवळजवळ पूर्ण मागे घेतला. ज्यांना तो कर भरावाच लागणार नव्हता, त्या गरीब वृद्धांची औषधंही त्यात गेली. ती मेडिकेअरमध्ये यायला २००६ उजाडलं, आणि आली ती टॉझिन यांच्या समितीतून गेलेल्या त्या अटीसकट.