व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला पन्नास हजारांची हत्यारं लागत नाहीत

रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या आणि आयटीआयच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पैसेवाल्यांचा नाद, असं त्यात म्हटलंय. ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र), व्हॉल्व्ह टेस्टर आणि सोल्डरिंग स्टेशनवर पन्नास हजार घातल्याशिवाय हात लावू नये, खेड्यात ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, व्हॉल्व्ह बनणं तर कधीच बंद झालं, तेव्हा घरातला जुना रेडिओ सरळ कबाड्याला द्यावा. आर्वी-पुलगावकडे, दारव्हा-दिग्रसकडे असे रेडिओ अजून माळ्यावर पडून आहेत. ते किलोच्या भावाने जाऊ नयेत आणि शिकू पाहणारं पोरगं दारातूनच परत फिरू नये, म्हणून हे उत्तर.

आधी ऑसिलोस्कोप आणि व्हॉल्व्ह टेस्टर. असले तर चांगलंच, पण पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरला खरा लागतो तो मल्टीमीटर. जुन्या रेडिओंत सापडणारा ईएल ८४ हा स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह घ्या. त्याची तीन नंबरची पिन कॅथोडची, करंट तिथून बाहेर पडतो. तिथून चेसिसपर्यंत, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत १३५ ओमचा रेझिस्टर आहे आणि प्लेटला २५० व्होल्ट आहेत असं धरा. रेझिस्टरवर सव्वासात व्होल्टच्या आसपास दिसले, तर व्हॉल्व्हमधून साधारण ५४ मिलिअँपिअर वाहताहेत, म्हणजे गडी धडधाकट आहे. चारच दिसले तर तो थकला. दहा-बारा दिसले तर मीटर दोन नंबरच्या पिनला, म्हणजे जिथे आवाजाचा सिग्नल येतो त्या ग्रिडला लावा. तिथे शून्याऐवजी पॉझिटिव्ह व्होल्टेज मिळालं, तर बहुतेक वेळा मागच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर लीक झालेला असतो. पुढे आवाजाची लहर बघावीशी वाटली तर डीएसओ १३८ नावाचं छोटं किट मिळतं. २०० किलोहर्ट्झपर्यंतच चालतं, पण ऑडिओला तेवढं भरपूर झालं. फक्त ५० व्होल्टच्या वर त्याला थेट जोडायचं नाही.

मीटरवर मात्र कंजूषी नको. बाजारातल्या पिवळ्या डीटी ८३० चा इनपुट १ मेगओमचा असतो. ग्रिडचा रेझिस्टरही १ मेगओमचा असला की तो त्या जागेचं व्होल्टेज निम्मंच दाखवतो, आणि लीक कपॅसिटर नजरेतून सुटतो. शिवाय त्याच्या वायरींचं प्लास्टिक पातळ. तीनशे व्होल्टवर त्या वायरी हातात धरू नयेत. १० मेगओम इनपुटचा, चांगल्या प्रोबचा मीटर साधारण हजार-दीड हजारात येतो. मी या छंदातला पहिला पैसा तिथेच घालीन.

सोल्डरिंग स्टेशनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टॅग स्ट्रिपवरच्या (सुटे भाग जोडायच्या पट्टीवरच्या) कामाला २५ वॅटचं साधं आयर्न आणि ६०/४० ची तार पुरते. चेसिसला अर्थिंगची वायर जोडताना जाड टोकाचं आयर्न लागतं, तेवढ्यापुरतं शेजारच्या मेकॅनिककडून आणा.

सगळ्यात मोठी चूक ट्रान्सफॉर्मरच्या मुद्द्यात आहे. तो या कामातला महागडा भाग आहे, हे खरं. पण ज्या तालुक्यात विहिरींवर पंप आहेत, तिथे मोटार वाइंडिंगचं दुकान असतंच, आणि त्या दुकानात गेजप्रमाणे तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद, वार्निश, इन्सुलेशन तपासायचा मेगर, सगळं असतं. स्टॅबिलायझर भरणारा कारागीर व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही भरू शकतो. त्याला दोन गोष्टी नीट सांगाव्या लागतात. एक, एका ईएल ८४ साठी ८ ओमच्या स्पीकरला साधारण २५ ला १ असे वेढे. दुसरी, कोरच्या पत्र्या नेहमीसारख्या आलटूनपालटून घालायच्या नाहीत. सगळ्या ‘ई’ एका बाजूला, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पातळ कागद. हा कागद विसरला तर व्हॉल्व्हच्या डीसी करंटने कोर सॅच्युरेट होतो आणि खर्जाचा आवाज फाटतो. घेताना दुकानातच तपासा : प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या बाजूला) २४ व्होल्ट एसी दिले की सेकंडरीला (स्पीकरकडच्या बाजूला) एक व्होल्टच्या जरा खाली दिसायला हवेत.

याच दुकानात सिरीज बोर्ड, म्हणजे बल्बमधून लाइन देणारा बोर्ड असतो, आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही. जुना रेडिओ पहिल्यांदा सुरू करताना ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये हवाच, एलईडी चालत नाही. बल्ब पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज उरू शकतं. ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला की तो मिनिटभरात रिकामा होतो. तरी हात घालण्याआधी मीटरने बघाच. यूएल ८४, यूसीएल ८२ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले, तर त्या रेडिओत बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिसच थेट लाइनला जोडलेली असते. नव्या माणसाने तो उघडू नये.

आपल्याकडची लाइनही लक्षात घ्या. पंप चालू असले की व्होल्टेज पडतं, बंद झाले की चढतं. व्हॉल्व्ह आतून तापवणारं ६.३ व्होल्टचं हीटर ५.७ ते ६.९ मध्ये राहिलं पाहिजे, नाहीतर स्टॅबिलायझर लावा.

व्हॉल्व्ह बनत नाहीत, हे तर साफ खोटं. स्लोव्हाकियात जेजे, रशियात साराटोव्हचा कारखाना आणि चीनमधले कारखाने आजही व्हॉल्व्ह बनवतात. ईएल ८४ आणि त्याच्या आधीच्या टप्प्यातला ईसीसी ८३ नवे मिळतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आपल्या रेडिओंत बसलेले आहेतच.

म्हणून रेडिओ देण्याआधी त्याची पिन लाइनच्या बोर्डातून काढून मागचं झाकण उघडा आणि व्हॉल्व्हवरचे नंबर लिहून घ्या. दुरुस्त होण्यासारखा नसेल तरी दोन्ही ट्रान्सफॉर्मर, सॉकेट आणि व्हॉल्व्ह काढून ठेवा. रेडिओ कबाड्याकडे गेला असेल, तर त्याने ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी फोडण्याआधी त्याला गाठा आणि तांब्याच्या भावातच तो मागून घ्या.