प्राध्यापकांना बदल नको असतो, हे कुणी ठरवलं?

‘संस्थांमधले ७० टक्के बदल फसतात. उच्च शिक्षणात तर प्राध्यापकांना बदलच नको असतो. म्हणून निर्णय आधी घ्या, समजूत नंतर काढा.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय, आणि त्याच्या भरवशावर निर्णयही होतात.

आधी तो आकडा. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ मध्ये उद्योगांच्या फेररचनेबद्दल लिहिताना ५० ते ७० टक्के असा अंदाज दिला, आणि तो शास्त्रीय नाही हेही तिथेच नोंदवलं. २०११ मध्ये संशोधक मार्क ह्यूज यांनी या ७० टक्क्यांचा माग काढला, तेव्हा भरवशाचा पुरावा सापडला नाही. विद्यापीठांचा तर तिथे विषयच नव्हता.

‘बदल नको असतो’ म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. काही आठवड्यांत जगभरचे वर्ग ऑनलाइन गेले. सगळं चांगलं झालं असं नाही, पण कॅमेऱ्यासमोर कधीच न बसलेली माणसंही शिकवायला बसली.

मग विरोध कशाला होतो? मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात गुण भरायची नवी प्रणाली आली. प्रात्यक्षिकाला परीक्षक दोन, पडद्यावर रकाना एकच. दोघांचे गुण वहीत मांडायचे, सरासरी काढायची, ती टाइप करायची आणि पुढे कुणी विचारलं तर म्हणून वही जपायची. काम दुप्पट झालं. तक्रार केली की ‘यांना बदल नको’ असा शिक्का. आळसापोटी अडून बसणारेही असतात, नाही असं नाही. पण इथे लोक प्रणालीतली चूक दाखवत होते. विभागातल्या लिपिकाला आधी विचारलं असतं, तर तिने ती पाच मिनिटांत सांगितली असती.

राहिलं ‘समजूत नंतर काढा’. कॉक आणि फ्रेंच या संशोधकांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्यातला प्रयोग मांडला. ज्या गटाला बदल नुसता कळवला, त्यातले १७ टक्के कामगार ४० दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्यांना आखणीत घेतलं, ते लवकर सावरले. विद्यापीठात तर हुकूम आणखी लुळा पडतो. संघटनांचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९७६ मध्येच दाखवलं की शिक्षणसंस्थांचे भाग एकमेकांना सैल बांधलेले असतात. परिपत्रक विभागापर्यंत पोहोचतं. वर्गात काय होईल ते शिकवणारा ठरवतो.

तो दुसरा रकाना अखेर आला, दीड वर्षाने. त्याच सत्रात वह्या बंद झाल्या. कुणाची समजूत काढावी लागली नाही.